व्यवसायातून स्थानिक संस्थांना नियमित देणगी कशी द्यावी: पहिल्या हिशेबापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

वर्धापनदिनाला मोठा चेक, हार-तुरे, फोटो आणि मग पुढच्या वर्धापनदिनापर्यंत सामसूम. बहुतेक व्यवसायांची देणगी अशी वर्षातून एकदा उगवते. ज्या संस्थेला ती मिळते तिचा खर्च मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला दारात उभा असतो: कार्यकर्त्यांचे पगार, जागेचं भाडं, वीजबिल, गाडीचं इंधन. येतील की नाही हे माहीत नसलेल्या पैशांच्या भरवशावर कुठलीही शहाणी संस्था नवा माणूस नेमत नाही. त्यामुळे वर्षअखेरीस अवचित मिळालेल्या बारापेक्षा दरमहा खात्रीने येणारा एक तिच्या जास्त कामाचा. बेरीज सारखीच असली, तरीही.

खालची सगळी मांडणी देणगीला भाडं-वीजबिलाच्या रांगेत बसवण्यासाठी आहे. व्यवसाय एका माणसाचा असो की दोनशे माणसांचा, पायऱ्या त्याच राहतात. फक्त सह्या वाढतात.

पायरी १ : आधी आकडा, मग संस्था

उलटा क्रम नेहमी फसतो. संस्थेत जाऊन आलं, मन हेलावलं, तोंडातून आकडा निघून गेला आणि पाचव्या महिन्यात तो जड व्हायला लागला, असं होतं. म्हणून कुणालाही भेटण्याआधी रक्कम कागदावर आणा.

पहिला प्रश्न: टक्का कशावर काढायचा, विक्रीवर की नफ्यावर? विक्रीवरचा टक्का ऐकायला छान आणि मोजायला सोपा असतो. नफ्याचा आकडा हिशेबाच्या पद्धतीनुसार वर-खाली होतो, विक्रीचा तसा होत नाही. २००२ साली सुरू झालेल्या ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ या उपक्रमातले व्यवसाय वार्षिक विक्रीच्या १ टक्का रक्कम देतात, ती याच कारणासाठी. पण सही करण्याआधी आपल्या मार्जिनकडे बघा. निव्वळ नफा विक्रीच्या २० टक्के असेल, तर विक्रीचा १ टक्का म्हणजे नफ्याचा ५ टक्के. नफा ८ टक्के असेल, तर तोच १ टक्का नफ्यातला साडेबारा टक्के होतो. आणि ४ टक्क्यांवर चालणाऱ्या धंद्यात तो नफ्याचा थेट चौथा हिस्सा खातो. कमी मार्जिन आणि जास्त उलाढाल असलेल्यांनी विक्रीच्या टक्क्याच्या वाटेला जाऊच नये, असं आमचं मत आहे.

नफ्यावर काढायचा तर वेगळी अडचण येते: नफा दर वर्षी उड्या मारतो आणि त्याच्याबरोबर संस्थेचं उत्पन्नही. यावर उतारा म्हणजे सरासरी. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक कामासाठी खर्च करण्याचं बंधन घातलं, तेव्हा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के हा पाया धरला. तुमच्यावर तो कायदा लागू असो वा नसो, तीन वर्षांची सरासरी धरण्याची युक्ती उचलण्यासारखी आहे.

त्याहून बरी पद्धत म्हणजे रकमेचे दोन भाग करणं. उदाहरण घ्या, चलन कुठलंही धरा आणि शून्यं हवी तेवढी वाढवा. गेल्या तीन वर्षांचा नफा १०,०००, १४,००० आणि ६,००० आहे. सरासरी १०,०००, तिचे २ टक्के म्हणजे वर्षाला २००. आता सगळ्यात वाईट वर्ष बघा: ६,०००. त्याचे २ टक्के १२०, म्हणजे महिन्याला १०. हे दरमहा १० तुमचा कायमचा हप्ता. धंदा पुन्हा त्या वाईट वर्षाइतका खाली गेला तरी हा हप्ता निघतो, कारण तो त्याच वर्षावर बेतलेला आहे. उरलेले ८० द्यायचे ते वर्षाचे हिशेब बंद झाल्यावर, नफा खरंच झाला असेल तर. संस्थेला पक्कं वचन द्यायचं ते फक्त मासिक हप्त्याचं. वरच्या ८० चा शब्दही काढू नका. मिळाले तर त्यांना आनंदच होईल, आणि नाही मिळाले तर त्यांचं कुठलं अंदाजपत्रक कोसळणार नाही.

व्यवसाय तीन वर्षांचा झालाच नसेल तर टक्केवारीत शिरू नका. सहा महिने सहज देता येईल अशी लहान ठरावीक रक्कम धरा आणि हिशेब हाती आल्यावर बदला. आणि पुरवठादारांची देणी थकलेली असताना किंवा कर्मचाऱ्यांचे पगार मागेपुढे होत असताना देणगी सुरू करू नये. ती देणगी तुमच्या नावावर लागली तरी पैसे त्या थकलेल्या माणसाचे असतात.

भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांची लेखी संमती घ्या, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव. एकट्याचा धंदा असेल तर एक निर्णय लगेच करा: देणगी धंद्याच्या खात्यातून जाणार की स्वतःच्या? करसवलत कुणाला आणि किती, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. कर सल्लागाराला हा प्रश्न पहिल्या हप्त्याआधी विचारायचा, विवरणपत्र भरताना नाही.

पायरी २ : संस्था निवडणं

किती संस्था? छोट्या व्यवसायाला एक, फार तर तीन. रक्कम दहा ठिकाणी चिमूट-चिमूट वाटली की कुणालाच पुरत नाही आणि दहा पावत्या, दहा अहवाल, दहा फोन तुमच्या मागे लागतात. उरलेल्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं, म्हणून एक ओळ आधीच ठरवून ठेवा: ‘आमची या वर्षाची देणगी ठरलेली आहे, पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी अमुक महिन्यात अर्ज पाठवा.’ भिडेखातर दिलेल्या फुटकळ देणग्या वर्षाअखेरीस मोजल्या तर बऱ्याचदा त्या ठरलेल्या देणगीइतक्याच भरतात.

स्थानिक म्हणजे किती जवळ, हेही ठरवा. सोपी कसोटी म्हणजे तुमचा माणूस कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आगेमागे तिथे जाऊन परत येऊ शकतो का. कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या प्रत्यक्ष जाण्यावर उभ्या आहेत. मोठ्या नावाच्या संस्थेची स्थानिक शाखा असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: इथे दिलेला पैसा इथेच खर्च होतो, की मुख्यालयात जाऊन वाटून येतो? दोन्हींत गैर काही नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं.

पाच-सहा नावांची यादी करा आणि प्रत्येकीकडून हे कागद मागवा: नोंदणी प्रमाणपत्र, करसवलतीचं प्रमाणपत्र असल्यास ते (आणि त्याची मुदत), विश्वस्तांची किंवा कार्यकारिणीची यादी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि संस्थेच्याच नावाच्या बँक खात्याचा पुरावा. चांगल्या संस्थेकडे हे सगळं एका फाइलमध्ये तयार असतं. अगदी लहान संस्थेला आठ-दहा दिवस लागले तर हरकत नाही. महिना उलटूनही हिशेब येत नसतील तर पुढच्या नावाकडे वळा.

हिशेब वाचताना बहुतेक जण ‘प्रशासकीय खर्च’ शोधतात आणि तो कमी दिसला की खूश होतात. ही सवय सोडा. हिशेबनीस, लेखापरीक्षण, फोन, इंटरनेट यांवर जवळजवळ काहीच खर्च नाही असं जी संस्था दाखवते, ती एकतर तो खर्च दुसऱ्या नावाखाली लपवते किंवा कामच कच्चं करते. त्याऐवजी राखीव निधी बघा, आणि तो नीट बघा. समजा संस्थेचा वर्षाचा खर्च १,२०० आहे, म्हणजे महिन्याला १००. ताळेबंदात बँक शिल्लक आणि मुदत ठेवी मिळून ९०० दिसतात. वरवर पाहणारा म्हणेल, यांच्याकडे नऊ महिन्यांचे पैसे पडून आहेत, यांना कशाला द्यायचं? आता ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला ‘इमारत निधी’ ७०० दिसतो. ते पैसे इमारतीसाठीच मिळालेले आहेत, त्यांतून पगार देता येत नाही. मोकळे उरले २००. म्हणजे ही श्रीमंत दिसणारी संस्था दोन महिन्यांच्या अंतरावर अडचणीत आहे. मोकळा निधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढा असेल तर संस्था नीट चालली आहे असं समजा. दोन-तीन वर्षांच्या खर्चाएवढा मोकळा निधी पडून असेल तर त्याचं कारण विचारा. आणि महिनाभराचाही नसेल तर तुमचा नियमित हप्ता तिथे सर्वांत जास्त उपयोगी पडेल, पण जोखीमही तिथेच जास्त.

मग उत्पन्न कुठून येतं ते बघा. एकाच देणगीदाराकडून निम्म्याहून अधिक येत असेल तर तो गेला की काय होणार, हे विचारा. हाच नियम स्वतःलाही लावा: तुमची वर्षाची देणगी संस्थेच्या वार्षिक उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका. त्याच्या वर गेलात की तुमचा वाईट हंगाम हा त्यांचाही वाईट हंगाम होतो, शिवाय संस्था नकळत तुमच्या तोंडाकडे बघून निर्णय घ्यायला लागते.

कागद पाहिले की भेट. ती कार्यक्रमाच्या दिवशी नको. कार्यक्रमाला सगळ्या संस्था सारख्याच दिसतात. साधा कामाचा दिवस निवडा, तासभर बसा आणि एकच प्रश्न मनापासून विचारा: ‘कुठल्या खर्चाला तुम्हाला देणगीदार मिळत नाही?’ उत्तर बहुतेक वेळा निरस असतं: गाडीची दुरुस्ती, हिशेबनिसाचा पगार, गळकं छप्पर, संगणकाची बॅटरी. वह्या आणि दप्तरं द्यायला सगळे तयार असतात. ती वाटणाऱ्या माणसाचा पगार द्यायला कुणी नसतं. तुमचा हप्ता तिथे लागला तर संस्थेचं पाऊल खरोखर पुढे पडतं.

काही खुणा दिसल्या की मात्र काढता पाय घ्यावा. पैसे व्यक्तीच्या खात्यात मागणं. ‘मोठ्या रकमेची पावती देतो, काही भाग रोख परत देतो’ अशी ऑफर. हा सरळ करचुकवेगिरीचा मामला आहे आणि त्यात देणाराही अडकतो. विश्वस्तांच्याच नातेवाइकांच्या फर्मकडून सगळी खरेदी. मुलांचे किंवा रुग्णांचे चेहरे दाखवून ‘आत्ताच्या आत्ता’चा तगादा. आणि आपल्या बाजूची एक खूण: ज्या अधिकाऱ्याकडे तुमचा परवाना किंवा कंत्राट अडकलं आहे, त्याने सुचवलेली संस्था. ती कितीही चांगली असली तरी त्या वर्षी नको.

पायरी ३ : एक पानाचं पत्र

वकिली करारनाम्याची गरज नाही, पण तोंडी शब्दावरही थांबू नका. दोन्ही बाजूंनी माणसं बदलतात. ज्याच्याशी बोलणं झालं तो व्यवस्थापक सोडून गेला की ‘आम्हाला वाटलं होतं की…’ सुरू होतं. पत्राचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘आमचा व्यवसाय आपल्या संस्थेस दरमहा ______ इतकी देणगी ______ या महिन्यापासून तीन वर्षे देईल. रक्कम दर महिन्याच्या ____ तारखेस संस्थेच्या खात्यात जमा होईल. ही रक्कम संस्थेच्या कोणत्याही चालू खर्चासाठी वापरता येईल. संस्था प्रत्येक हप्त्याची पावती १५ दिवसांत देईल आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षित हिशेब व कामाचा दोन पानी गोषवारा पाठवेल. देणगी कमी किंवा बंद करायची झाल्यास आम्ही किमान सहा महिने आधी लेखी कळवू. एकमेकांचे नाव व बोधचिन्ह वापरण्यापूर्वी लेखी संमती घेतली जाईल. संस्थेची नोंदणी रद्द झाल्यास किंवा निधीचा गैरवापर आढळल्यास हप्ते त्वरित थांबवता येतील.’

यातली दोन वाक्यं घासाघीस करून काढून टाकायचा मोह होतो. पहिलं ‘कोणत्याही चालू खर्चासाठी’. मालकाला वाटतं, आपला पैसा फक्त पुस्तकांवर जावा, पगारांवर नको. पण प्रत्येक देणगीदाराने अशी अट घातली तर संस्थेकडे पुस्तकांचे ढीग लागतात आणि ग्रंथपाल मिळत नाही. शिवाय अट घातलेल्या प्रत्येक देणगीचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो, त्यात माणसाचा वेळ जातो. विश्वास नसेल तर संस्था बदला. अटींनी विश्वास तयार होत नाही. दुसरं वाक्य सहा महिन्यांच्या सूचनेचं. ते काढलंत तर हप्ता नियमित राहिला तरी भरवशाचा राहत नाही आणि संस्था त्याच्या जोरावर काहीच ठरवू शकत नाही. तीन वर्षं फार वाटत असतील तर एक वर्ष लिहा, पण सूचनेची मुदत निदान तीन महिन्यांची ठेवा.

पायरी ४ : पैसे जातात कसे

बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप पाठवण्याची सूचना. दर महिन्याला कुणीतरी आठवणीने चेक लिहील यावर विसंबलं की नव्याचे नऊ दिवस होतात. तारीख निवडताना दोन गोष्टी जुळवा: तुमची वसुली साधारण कधी होते आणि त्यांचे पगार कधी होतात. तुमचे पैसे महिन्याच्या २० तारखेपर्यंत येत असतील आणि त्यांचे पगार १ तारखेला असतील, तर २५ तारीख ठीक. तुमच्या स्वतःच्या पगारांचा आणि कर भरण्याचा दिवस टाळा.

हप्ता चुकण्याची कारणं ठरलेली असतात. खात्यात त्या दिवशी शिल्लक नसणं. सूचनेची मुदत संपून जाणं. बँकेला दिलेली सूचना एका वर्षाची आणि पत्र तीन वर्षांचं, असं हमखास होतं. व्यवसायाने बँक बदलणं आणि जुन्या खात्यातल्या सूचना नव्यात न येणं. सही करणारा माणूस बदलणं. म्हणून सूचना संपण्याच्या महिनाभर आधीची नोंद हिशेबनिसाच्या कॅलेंडरमध्ये टाका.

आणि एक सावधगिरी: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचा हप्ता नव्या खात्यात पाठवा’ असा मेल संस्थेच्या नावाने आला, तर त्या मेलवर दिलेल्या नंबरवर फोन करू नका. पत्रात आधीपासून असलेल्या नंबरवर करा, ओळखीच्या माणसाशी बोला आणि नव्या खात्याचा कागदी पुरावा मागवा. नियमित जाणाऱ्या रकमांवर ठगांची नजर असते, कारण तिथे कुणी दर वेळी बघत नाही.

हिशेबाच्या पुस्तकात तीन वेगळी खाती उघडा: देणगी, प्रायोजकत्व, आणि ग्राहकांकडून जमा झालेली रक्कम. संस्थेच्या कार्यक्रमात तुमचा फलक लागणार असेल, माहितीपत्रकात जाहिरात येणार असेल, तर ते बहुतेक ठिकाणी देणगी नसून जाहिरात खर्च ठरतो आणि त्याला कराचे नियम वेगळे लागतात. दोन्ही एकाच खात्यात टाकलं की वर्षअखेरीस हिशेबनिसाला प्रत्येक नोंद उकरावी लागते.

पावतीवर व्यवसायाचं नाव नोंदणीत आहे तसंच अक्षरशः हवं. फलकावर एक नाव, नोंदणीत दुसरं आणि पावती मालकाच्या टोपणनावाने, असा गोंधळ झाला की करसवलत अडते. पहिलीच पावती आली की नाव, कर क्रमांक, रक्कम, तारीख आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक तपासून घ्या. चूक असेल तर ती पुढच्या बारा पावत्यांत उतरण्याआधी दुरुस्त होते.

पैशाशिवायचं देणं

वस्तू, वेळ आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग. तिन्ही चांगले आहेत आणि तिन्हींत गोंधळ होतो.

वस्तूंचं पाहू. नियम एकच: यादी संस्थेकडून यायला हवी. गोदामातला पडून राहिलेला माल, तुटक्या खुर्च्या, सुरू न होणारे संगणक यांच्यामुळे संस्थेला उलट भंगारवाला शोधावा लागतो. मुदतीच्या वस्तू देताना निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक असू द्या. संस्थेला त्या उतरवून, मोजून, वाटायला वेळ लागतो. वाहतुकीचा खर्च तुमचा. संगणक देताना हार्ड डिस्क पूर्ण पुसा, चार्जर सोबत द्या आणि चालू करून दाखवा.

वेळ देताना कर्मचाऱ्यांचा जथा नेऊन भिंती रंगवण्याचा कार्यक्रम सगळ्यांना आवडतो, कारण त्याचे फोटो चांगले येतात. पण वीस पाहुण्यांच्या सरबराईला संस्थेची चार माणसं दिवसभर अडकतात आणि तीच भिंत वर्षात तिसऱ्यांदा रंगते. त्यापेक्षा एका हिशेबनिसाने महिन्यातून चार तास नियमाने जाऊन पुस्तकं नीट लावणं, किंवा तुमच्या इलेक्ट्रिशियनने सगळं वायरिंग तपासून देणं फार मोलाचं. सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने १९९९ मध्ये सुरुवातीलाच समभाग, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ या तिन्हींतला प्रत्येकी १ टक्का समाजासाठी बाजूला ठेवायचं ठरवलं. वर्षाचे कामाचे २,००० तास धरले तर १ टक्का म्हणजे माणशी २० तास, अडीच दिवस. हे तास पगारी असू द्या. सुट्टीच्या दिवशी बोलावून त्याला ‘स्वयंसेवा’ म्हणणं बरं नाही. मुलांसोबत काम असेल तर संस्था पार्श्वभूमी तपासणी मागेल, मोबाइल बाजूला ठेवायला सांगेल. त्यावर नाराज होऊ नये, जी हे मागत नाही तिची काळजी करावी.

पगारातून देणगी कापण्याची सोय ठेवायची असेल तर प्रत्येकाची लेखी, हवी तेव्हा मागे घेता येणारी संमती हवी. कोण देतं आणि कोण देत नाही, हे हिशेब पाहणाऱ्या एका माणसाव्यतिरिक्त कुणालाही कळता कामा नये, मालकालाही नाही. नोटीस बोर्डवर यादी लावली की ती देणगी राहत नाही, वर्गणीची सक्ती होते. व्यवसायाने तेवढीच भर घालायची असेल तर माणशी आणि एकूण अशा दोन्ही मर्यादा आधी ठरवा, नाहीतर चांगल्या प्रतिसादानेच तुमचं अंदाजपत्रक मोडेल.

ग्राहकांचे पैसे

बिल पूर्णांकात करून वरचे सुटे संस्थेला देणं, गल्ल्याजवळ डबा ठेवणं, ‘प्रत्येक विक्रीमागे इतके’ अशी घोषणा. यातल्या पहिल्या दोन प्रकारांत पैसे ग्राहकाचे असतात. ते तुमची देणगी म्हणून मिरवायचे नाहीत आणि त्यांवर करसवलतही मागायची नाही. बिलातले सुटे वेगळ्या खात्यात जमा करा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पुढे पाठवा. धंद्याच्या चालू खात्यात ते राहिले की अडचणीच्या महिन्यात वापरले जातातच. डबा सीलबंद आणि क्रमांक घातलेला असावा, त्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा, तो दोन माणसांच्या समोर उघडावा, मोजलेल्या रकमेच्या चिठ्ठीवर दोघांची सही असावी, आणि डबा भरण्याची वाट न पाहता महिन्याला रिकामा करावा. सार्वजनिक ठिकाणी पैसे गोळा करायला परवानगी लागते का, हे स्थानिक प्रशासनाकडे आधी विचारून घ्या.

घोषणेत चार गोष्टी लिहा: किती, कुणाला, कधीपासून कधीपर्यंत, आणि जास्तीत जास्त किती. ‘नफ्यातला काही भाग समाजकार्यासाठी’ हे वाक्य न लिहिलेलं बरं. विचारणाऱ्या पहिल्याच ग्राहकाला उत्तर देता येत नाही. मोहीम संपल्यावर जमा झालेला आकडा आणि पावती त्याच जागी लावा जिथे घोषणा लावली होती.

अहवाल मागताना हात आखडा

देणगी लहान आणि अपेक्षा मोठ्या, ही संस्थांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तुमचा वाटा संस्थेच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर लेखापरीक्षित हिशेब, वर्षाचा छापील अहवाल आणि सहा महिन्यांतून एक भेट एवढं पुरे. दरमहा फोटो, लाभार्थ्यांची नावं, तुमच्या नमुन्यात भरलेले तक्ते मागवले तर कार्यकर्त्याचे दोन दिवस त्यात जातात, आणि त्या दोन दिवसांचा पगार तुमच्याच हप्त्यातून निघतो. लाभार्थ्यांच्या हातात पाकीट देतानाचे फोटो तर मागूच नका. माणसाला मदत घेताना कॅमेऱ्यात बघायला लावणं त्याच्यासाठी अपमानाचं असतं, आणि मुलांच्या बाबतीत अनेक ठिकाणी कायद्याने धोक्याचंही.

भेटीत विचारायचं ते इतकंच: या सहा महिन्यांत काय जमलं नाही? ज्या संस्थेत याचं मोकळं उत्तर मिळतं, तिथे पैसा बऱ्या हातात आहे.

वर्षातून एकदा तासभर

हिशेब बंद झाले की तारीख ठरवून बसा. ताज्या तीन वर्षांचा नफा घेऊन सरासरीवरून वर्षाची रक्कम आणि सगळ्यात वाईट वर्षावरून मासिक हप्ता पुन्हा काढा. हप्ता वाढत असेल तर वाढवा. महागाईमुळे तीन वर्षं तोच ठेवलेला हप्ता प्रत्यक्षात घटलेला असतो. वरची रक्कम निघत असेल तर ती त्याच संस्थेला द्यायची की नव्या संस्थेला चाचणी म्हणून, ते ठरवा. करसवलतीच्या प्रमाणपत्राची मुदत, विश्वस्त मंडळातले बदल आणि बाराही पावत्या तपासा. हप्ता एकदाही चुकला असेल तर कारण शोधा. संस्था बदलण्याची हौस मात्र आवरा. दरवर्षी नवी संस्था निवडणाऱ्याला दरवर्षी पहिल्या वर्षाचाच अनुभव मिळतो.

धंदा मंदावला किंवा थांबायचं ठरलं तर

कापाकापीचा क्रम ठेवा: आधी वर्षअखेरीची वरची रक्कम, मग नव्या संस्थांचा विचार, मग कर्मचाऱ्यांच्या देणगीवरची भर, आणि मासिक हप्ता सगळ्यात शेवटी. हप्त्याला हात लावावाच लागला तर बंद करण्याआधी कमी करून बघा. निम्म्या हप्त्यातही एखाद्याचा अर्धा पगार निघतो. एकदा शून्य झालं की नातं पुन्हा जोडायला वर्ष जातं. अडचण दिसायला लागली की त्याच आठवड्यात फोन करा. वाईट बातमी लवकर कळली तर संस्था दुसरीकडे हात-पाय मारते. तीन हप्ते गुपचूप चुकवून मग पाठवलेल्या दिलगिरीच्या पत्राचा तिला काहीच उपयोग नसतो.

पूर्ण थांबायचं झालं तर उतरत्या पायऱ्यांनी थांबा. सहा महिन्यांची सूचना असेल तर पहिले दोन महिने पूर्ण हप्ता, पुढचे दोन महिने दोन तृतीयांश, शेवटचे दोन एक तृतीयांश. ते न जमलं तर सहाही महिने पूर्ण द्या आणि मग थांबा. संस्थेला दोन्ही चालतं, अचानकपणा चालत नाही. थांबण्याचं कारण लेखी द्या आणि खरं द्या. संस्थेच्या कामाबद्दल तक्रार नसेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा, कारण पुढचा देणगीदार त्यांना विचारणार आहे की आधीचे का गेले. शेवटच्या हप्त्यानंतर बँकेतली सूचना स्वतः रद्द करून त्याची पोच घ्या, शेवटची पावती फाइलला लावा, आणि फलकावरून, संकेतस्थळावरून, बिलांवरून संस्थेचं नाव आठवड्याच्या आत उतरवा.